व्हिलफ्रोंदच्या चौकातला मुक्काम

सदर इसमाचे नाव दलोबेल, रेजिस. वय वर्षे अडुसष्ट. राहणार फ्रान्सच्या उत्तर टोकाकडील एक विटांचे गाव. पेशा: नगरपालिकेच्या रस्ते व रहदारी खात्यातून सेवानिवृत्त. सेवाकाळात सदर इसमाने ‘येथे वाहन उभे करण्यास मनाई आहे’ या आशयाच्या सूचना लिहिल्या, सहीसाठी वर पाठवल्या, त्यावर शिक्का मारून घेतला व त्या स्वहस्ते खांबांना बांधल्या. कुटुंब: पत्नी जोझियान, कन्या सेव्हरीन, दक्षिणेत दिलेली. जंगम मालमत्ता: एक पांढरी मोटार, जिच्या पोटात पलंग, शेगडी व संडास आहे. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर व्रण. सदर इसम मनाई असलेल्या जागी वाहन उभे करत नाही, परक्याच्या घरी मुक्कामास राहत नाही आणि स्वतःच्या गादीखेरीज अन्यत्र त्यास झोप लागत नाही. सबब हा दाखला.

असा दाखला दलोबेलांना कुणी दिला नव्हता. पण कुणी मागितला असता, तर त्यांनी तो स्वतः याच शब्दांत लिहिला असता.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी नवराबायको त्या पांढऱ्या गाडीतून दक्षिणेला निघाले. रविवारी सकाळी अकरा वाजता, पार खाली पेझनासला, सेव्हरीनच्या मुलीचा, छोट्या आपोलीनचा, बाप्तिस्मा होता आणि दलोबेल तिचे धर्मपिता व्हायचे होते, म्हणजे चर्चमध्ये बाळाच्या वतीने उभे राहायचे होते. आजोबानेच धर्मपिता व्हावं असा काही नियम नाही. सेव्हरीनने वडिलांना हा मान दिला तो निम्मा प्रेमापोटी आणि निम्मा ते वेळेवर यावेत म्हणून.

कारण तिच्या लग्नाला ते उशिरा पोचले होते. आदल्या रात्री त्यांनी एका दरीत सुरेख जागा निवडली होती. सकाळी दरीतून बाहेर पडायचा एकुलता एक पूल सायकलींच्या शर्यतीसाठी बंद. सूचना रीतसर लावलेली होती, सही होती, शिक्का होता. हे दोघं अंधारात पोचल्यामुळे त्यांनी ती वाचलीच नव्हती. शेवटचा सायकलवाला गेल्यावर ते लग्नाला पोचले, तेव्हा सेव्हरीन ‘हो’ म्हणून मोकळी झाली होती. तेव्हापासून दलोबेल वाटेवरची प्रत्येक सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. आणि तेव्हापासून त्यांचे व्याही एमे काझाल्बू ही गोष्ट प्रत्येक पंगतीत सांगत. सायकलींची नक्कल करून, पाय हलवून. काझाल्बूंकडे द्राक्षमळे होते, पोहायचा तलाव होता आणि गोष्टी सांगायला भरपूर वेळ होता. गाडीला ते ‘तुमची गोगलगाय’ म्हणत.

“पपा, शनिवारी थेट इथेच या ना,” सेव्हरीन फोनवर म्हणाली होती. “एमेंनी वरची निळी खोली झाडूनपुसून ठेवलीय तुमच्यासाठी.”

“आमच्याकडे खोली आहे. चाकं असलेली.”

“लग्नाच्या वेळीही होती.”

दलोबेलांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हे बघा, पाद्री दुपारी दुसऱ्या गावाला जाणार आहेत, ते कुणासाठी थांबत नाहीत. अकरा म्हणजे अकरा. तुम्ही नसलात तर एमे उभे राहतील. त्यांनी सूटही इस्त्री करून ठेवलाय. ‘लागलाच तर असू दे’ म्हणतात.”

तो इस्त्री केलेला सूट पुढचा सगळा आठवडा दलोबेलांच्या डोळ्यांसमोर खुंटीला टांगलेला होता.

मुक्कामाची जागा निवडणं हे दलोबेलांच्या मते गाडी चालवण्यापेक्षा अवघड काम. गाडी काय, कुणीही हाकतं. जागा सपाट हवी, नाहीतर रात्रभर रक्त डोक्याकडे जातं. लिंडनच्या झाडाखाली नको, टपावर चिकटा गळतो. नदीकाठी नको, तिथे डास असतात आणि तरुण मंडळी असतात. शनिवारी तर लग्नाच्या सभागृहाच्या हाकेच्या अंतरावरही नको. चर्चचं घड्याळ रात्री ठोके देणारं नको. दक्षिणेच्या काही गावांत ते एकच तास दोनदा मोजतं. बहुधा पहिल्यांदा ज्यांची झोप मोडली नाही त्यांच्यासाठी. आणि पावाचं दुकान सपाता घालून जाता येईल इतकं जवळ हवं नि रविवारी उघडं हवं. ज्या गावात रविवारी ताजा पाव मिळत नाही तिथे लोक का राहतात, हे दलोबेलांना आजवर उमगलं नव्हतं. जोझियानबाईंची कसोटी एकच होती: भूक लागायच्या आत थांबावं. ती क्वचितच पाळली जाई.

शुक्रवारची रात्र बूर्जजवळच्या नेहमीच्या जागी बिनघोर गेली. शनिवारी संध्याकाळी ते आव्हेरोंच्या पठारावर आले, आणि निवड सुरू झाली.

पहिली जागा तळ्याकाठी. जोझियानबाईंना ती आवडली. त्यांनी पट्टा सोडलासुद्धा. दलोबेलांनी काच खाली करून कान दिला.

“जनरेटर,” ते म्हणाले.

“कुठे वाजतोय?”

“वाजत नाहीये. तो डच माणूस आता लावणार आहे. हात बघ त्याचे.”

दुसरी जागा दफनभूमीच्या भिंतीलगत होती. जमीन आरशासारखी सपाट, फाटकाच्या आत पाण्याचा नळ, शेजार शांत. दलोबेलांचा चेहरा उजळला.

“नाही,” जोझियानबाई म्हणाल्या.

“अगं, यांच्यासारखे शेजारी शोधून—”

“उद्या पोरीचा बाप्तिस्मा आहे, रेजिस. मी थडग्याशेजारून उठून बाप्तिस्म्याला जाणार नाही.”

“पाण्याची सोय आहे.”

“चर्चमध्येही आहे. चल पुढे.”

पेझनास आता दीड-दोन तासांवर राहिलं होतं. ऊन कलायला लागलं. जोझियानबाईंनी डब्यातलं शेवटचं बिस्किट संपवलं. मग सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, “मी म्हणते, आता सरळ काझाल्बूंकडेच जाऊ या का? जेवायच्या वेळेला पोचू. त्यांनी बदकाचं काहीतरी केलं असेल.”

दलोबेलांनी पुढच्याच फाट्याला गाडी डावीकडे वळवली. फाट्यावर पाटी कुठल्या गावाची होती ते त्यांनी वळल्यावर वाचलं. व्हिलफ्रोंद.

आणि व्हिलफ्रोंदचा चौक पाहून त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. चारी बाजूंना चिनाराची जुनी झाडं. जमीन सपाट. चर्चचं घड्याळ चार वीसवर बंद पडलेलं आणि काट्यांवर कबुतरांचा मुक्काम, म्हणजे बंद पडून बरीच वर्षं झाली असावीत. समोर पावाचं दुकान, दारावर ‘रविवारी सकाळी उघडे’. आणि ऑगस्टच्या शनिवारी संध्याकाळी, भर चौकात, दुसरी एकही गाडी नाही. यावरून दलोबेलांनी असा निष्कर्ष काढला, की हे गाव अजून प्रवाशांना सापडलेलं नाही.

एका चिनारावर वहीचं फाडलेलं पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोरीने बांधलं होतं. जोझियानबाईंनी ते मोठ्याने वाचलं. “‘रविवारी बाजार आहे. कृपया चौकात गाड्या लावू नका. आभार.’ रेजिस, सूचना आहे.”

दलोबेल खाली उतरले. चष्मा लावून त्यांनी ते पान वाचलं, मागून पुढून पाहिलं, पिशवीच्या आत बोट घालून पाहिलं.

“ही सूचना नाही.”

“मग काय आहे?”

“कागद आहे. सही नाही, शिक्का नाही, आदेशाचा क्रमांक नाही. कुठला रविवार, तेही नाही. आणि ‘कृपया’? आदेशात कधी ‘कृपया’ असतं का? वर पुन्हा ‘आभार’!”

“पण गाडी लावू नका असं लिहिलंय ना.”

“कोण सांगतंय, ते लिहिलंय का? असा कागद मीही लावीन. उद्या या झाडावर ‘सर्वांनी टोप्या काढाव्यात’ असं लिहून लावलं, तर काढशील तू?”

“मला टोपी नाहीये. मला अकराला पेझनासला पोचायचंय.”

“नाश्ता करून निघू. बाजार म्हणजे काय असणार या गावात? दोन भाजीवाले आणि एक चीजवाला. ते आरामात येतात, आणि बसतात तिकडे, सावलीत.”

जोझियानबाईंनी त्या कागदाकडे एकदा, नवऱ्याकडे एकदा पाहिलं. पोटात कावळे ओरडत होते. त्यांनी टोमॅटो चिरायला घेतले. दलोबेलांनी घडीचं टेबल आणि दोन खुर्च्या बाहेर मांडल्या. रात्री झोप इतकी गाढ लागली, की टेबल-खुर्च्या आत घ्यायच्या राहूनच गेल्या.

पहाटे लोखंडी पाय उघडल्याचे खटाखट आवाज आले. भाजीवाले मेहनती दिसतात, असं मनात म्हणून दलोबेल कुशीवर वळले. उजाडल्यावर सपाता घालून पाव आणायला त्यांनी दार उघडलं आणि खाली टाकायला उचललेलं पाऊल तसंच धरून ठेवलं. पायरीला लागून बाहुल्यांची रांग होती. बाहुल्यांपलीकडे हरणाची शिंगं, शिंगांपलीकडे वाफेचे कुकर, आणि तिथून पार चर्चच्या दारापर्यंत टेबलंच टेबलं. त्यांच्यावर साऱ्या तालुक्यातल्या वारलेल्या मावश्यांच्या कपबश्या. वर्षातून एकदा सगळ्या घरांनी माळा रिकामा करून अडगळ विकायला काढायची, तो हा रविवार. चौकाच्या वरच्या तोंडाला ट्रॅक्टर आडवा लावला होता, खालच्या तोंडाला गवताचे भारे रचले होते.

त्यांच्या घडीच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. बसल्या बसल्या मागेपुढे रेलून बघत होता.

“केवढ्याला?” त्याने विचारलं.

“काय केवढ्याला?”

“खुर्ची. कमरेला बरी आहे.”

“विकायची नाहीये ती.”

“मग मांडलीत कशाला?”

एवढ्यात गळ्यात शिट्टी आणि कमरेला पैशांची पेटी बांधलेली एक बाई टेबलांमधून वाट काढत आली. या युगेत बोनाफू, बाजार समितीच्या अध्यक्ष. समितीतल्या बाकीच्यांचं मत त्या विचारत नसत, ते त्यांना माहीतच असे.

“हे धूड कुणाचं? तुमचं? काल झाडावरचा कागद दिसला नाही?”

“दिसला,” दलोबेल म्हणाले. “वाचला.”

“मग?”

“सही नव्हती.”

बोनाफूबाईंनी त्यांच्याकडे, सपातांपासून भुवईवरच्या व्रणापर्यंत, नीट पाहून घेतलं.

“सही कशाला हवी? मीच लिहिलाय तो. गावात सगळ्यांना माझं अक्षर कळतं.”

“मादाम, मनाईचा आदेश काढण्याचा अधिकार फक्त मेयरना असतो. तो लेखी लागतो, आगाऊ लावावा लागतो आणि त्यावर—”

“नगरपालिकेत होतात ना?”

“हो. का?”

“काही नाही. वास येतो.”

आजूबाजूच्या दोन-तीन टेबलांवर हसू फुटलं. दलोबेलांचे कान लाल झाले. आता ते सवयीच्या मैदानात उतरले. त्यांनी रहदारीचा कायदा सांगितला, नगरपालिकांचा कायदा सांगितला, ट्रॅक्टर आडवा लावणं हा स्वतंत्र गुन्हा कसा होतो तेही सांगितलं. बोनाफूबाई मधेच जाऊन दोन टेबलांचं भांडण मिटवून आल्या, तरी यांचं चालूच. मागे गाडीच्या दारात जोझियानबाई बाप्तिस्म्याचा निळा पोशाख घालून, हातात कॉफी घेऊन उभ्या होत्या. त्या घड्याळाकडे बघत होत्या. चर्चच्या नव्हे, मनगटावरच्या.

“मला मेयरशी बोलायचं आहे,” शेवटी दलोबेल म्हणाले.

“बोला की,” खुर्चीतला म्हातारा म्हणाला.

दलोबेल वळले.

“मीच तो. आज सकाळपुरता क्रोकरी विकतोय, पण बोला. तुम्ही म्हणता ते खरंय, सही करायला हवी होती. युगेत दरवर्षी कागद लावते, मी दरवर्षी विसरतो. आता मला सांगा, तुमच्या गावात असं झालं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?”

दलोबेल खोटं बोलत नसत. प्रयत्न केला तरी जमत नसे.

“गाडी ओढून नेली असती. दंड केला असता.”

“आणि टेबलं हलवून वाट दिली असतीत?”

“नाही. अपवाद केला की नियम उरत नाही.”

हे वाक्य ते इतक्या वेळा बोलले होते की ते आपोआप तोंडातून निघालं. निघाल्यावर त्यांना ते ऐकू आलं.

“नवरदेवाची गोष्ट सांग ना,” मागून जोझियानबाई म्हणाल्या. “दर नाताळला सांगतोस ती.”

त्यांच्या विटांच्या गावात सप्टेंबरात असाच जुन्या सामानाचा बाजार भरे, याच्या दसपट मोठा. एका वर्षी एका नवरदेवाची फुलं लावलेली गाडी त्यात अडकली होती. दलोबेलांनी अडसर काढला नाही. नवरदेव नवे बूट चावतात म्हणून ते हातात घेऊन, मोज्यांवर, साऱ्या बाजारातून चर्चपर्यंत चालत गेला. नियम सर्वांना सारखा असतो हे पटवून द्यायला दलोबेल ही गोष्ट सांगत, आणि ऐकणारे हसत. कशाला हसतात याचा त्यांनी आजवर विचार केला नव्हता.

“त्या सूचनेवर सही होती,” ते हळू आवाजात म्हणाले.

बोनाफूबाईंनी झाडावरचा कागद काढून आणला, एप्रनच्या खिशातून पेन काढलं आणि दोन्ही त्यांच्यापुढे धरलं. “घ्या. एवढं सहीवाचून अडलंय तर तुम्हीच करा.”

“मला इथे तसा अधिकार नाही,” दलोबेल गंभीरपणे म्हणाले. या वेळी हसणं तिसऱ्या गल्लीपर्यंत गेलं.

जोझियानबाई खाली उतरल्या. त्यांच्या हातात पांढऱ्या फितीने बांधलेला एक खोका होता. तो बघून बोनाफूबाईंचं हसणं थांबलं. “हे काय? बाप्तिस्म्याला वाटतात ते साखरबदाम?”

“हो. नातीचा बाप्तिस्मा आहे. पेझनासला, अकराला.”

“आज? आणि धर्मपिता कोण?”

जोझियानबाईंनी हनुवटीने नवऱ्याकडे दाखवलं.

“तुम्ही?” बोनाफूबाई जवळजवळ ओरडल्या. “अहो, मग तोंडात काय मूग धरले होतेत? सकाळपासून सही, शिक्का, कलम, पोटकलम! बाप्तिस्मा आहे एवढं एक वाक्य बोलता येत नव्हतं?”

दलोबेलांनी विचार केला. खरोखरच ते वाक्य त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आदेश अवैध असेल तर कारण सांगायची गरज नसते, आणि वैध असेल तर कारण चालत नाही. नोकरीत असंच होतं.

“तुमचं हे घर संध्याकाळपर्यंत हलणार नाही, ट्रॅक्टरवाला चावी घेऊन मासे धरायला गेलाय,” बोनाफूबाई म्हणाल्या. “माझी व्हॅन खालच्या कुरणात आहे. हिरवी. चावी आतच असते. दुसरा गिअर लागत नाही, पहिल्यावरून तिसऱ्यावर जायचं. आणि उजवं दार धरून बसायचं, बाई, वळणावर उघडतं ते.”

“पण तुम्ही आम्हाला ओळखत नाही,” दलोबेल म्हणाले. “विमा कुणाच्या नावावर आहे? मी काही लिहून देऊ का?”

“काय लिहिणार?”

दलोबेलांनी त्यांच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं.

“मंगळवारी मला लागते ती, तोवर आणा. तुमच्या गाडीवर मी लक्ष ठेवते. आता निघा!”

दलोबेलांनी आत जाऊन काळा सूट चढवला. मग सूटबूट घालून, साखरबदामांचा खोका छातीशी धरून, ते बायकोच्या मागून बाहुल्या, शिंगं, कुकर आणि कपबश्या पार करत गवताच्या भाऱ्यांकडे चालू लागले. लोक टेबलं जरा मागे सारून वाट देत होते. कुणीतरी टोपी काढली.

“तुझ्या पायात बूट तरी आहेत,” जोझियानबाई मागे न बघता म्हणाल्या.

व्हॅनला शेळ्यांचा वास येत होता. दर चढावर दलोबेल पहिल्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधोमध दात ओठ खात आणि दर वळणावर जोझियानबाई दोन्ही हातांनी दार ओढून धरत. दोघंही एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर ते इस्त्री केलेल्या सुटाबद्दल असतं.

पेझनासला चर्चची घंटा सुरू झाली होती. दारात एमे काझाल्बू उभे होते, करड्या सुटात, खिशाला पांढरं फूल लावून. हिरवी व्हॅन खोकत पायऱ्यांपाशी थांबली तेव्हा त्यांनी आधी तिकडे लक्षच दिलं नाही. आतून व्याही उतरल्यावर मात्र त्यांनी फुलाला हात लावला, जरा थांबले, फूल काढून दलोबेलांच्या खिशाला खोचलं.

“गोगलगाय कुठाय?” त्यांनी विचारलं.

“उभी आहे.”

“कुठे?”

“मनाई आहे तिथे,” दलोबेल म्हणाले आणि आत गेले.

आपोलीन पाणी पडताच किंचाळली. पाद्र्याने नोंदवही पुढे केली आणि धर्मपित्याने सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. दलोबेलांनी सही केली, खाली तारीख घातली, आणि शिक्का कधी मारणार ते विचारलं. सेव्हरीनने त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं. तिचे डोळे ओले होते, पण ती ते बाळाच्या दुपट्याने पुसत होती, त्यामुळे नक्की कुणासाठी ते सांगता येत नव्हतं.

जेवण काझाल्बूंच्या अंगणात उन्हं उतरेपर्यंत चाललं. बदकही होतं. व्हिलफ्रोंदची गोष्ट जोझियानबाईंनी सांगितली. काझाल्बूंनी ती परत सांगायला लावली, मग स्वतः सांगून पाहिली, शिट्टीसकट. सायकलींची गोष्ट त्या दिवशी कुणाला आठवली नाही. दलोबेलांनी संध्याकाळी उठून व्हॅन परत द्यायला निघण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा त्यांच्यापुढे पाचवा पेला होता आणि किल्ली जोझियानबाईंच्या पर्समध्ये होती. प्रस्ताव बारगळला.

सदर इसम त्या रात्री काझाल्बू यांच्या घरी, वरच्या मजल्यावरील निळ्या खोलीत झोपला. दुसऱ्या दिवशी तो साडेनऊला उठला, तोही बायकोने हलवल्यामुळे.